सगळीकडे ‘संपर्क’च पिवळा

काकांचा पहिला फोन आला तेव्हा मी नळस्टॉपच्या सिग्नलला होते. स्कूटरवर फोन घेत नाही, म्हणून कट केला. घरी पोचेपर्यंत सहा मिस्ड कॉल आणि एक व्हॉट्सअ‍ॅप: ‘वेबसाइट अडकली आहे. सवडीने फोन करणे.’ बँकेत उभी हयात काढलेला माणूस ‘सवडीने’ लिहितो तेव्हा त्याचा अर्थ ‘ताबडतोब’ असतो, हे मला आता पाठ झालंय.

काका माझ्या नात्यातले नाहीत. सहकारनगरात राहतात, निवृत्त आहेत, आणि पुण्यातल्या एका लहानशा ट्रेकिंग संस्थेचं कार्यवाहपद बरीच वर्षं त्यांच्या गळ्यात आहे. त्या संस्थेची वेबसाइट मी सांभाळते. म्हणजे मजकूर, फोटो, मेनू सगळं काका टाकतात आणि मोडलं की मी दुरुस्त करते. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे, तीही स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट्सनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर. मानधन विचारू नका.

फोन लावला. ‘‘अगं, मी कुठेही गेलो तरी ‘संपर्क’मध्येच आहे,’’ काका म्हणाले.

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे वर ती पट्टी आहे ना, मुखपृष्ठ, किल्ले, वेळापत्रक, छायाचित्रं, संपर्क? आपण ज्या पानावर असू ते नाव पिवळं होतं, बरोबर? मी आत्ता वेळापत्रक उघडलंय. खाली जुलैच्या मोहिमा दिसतायत, आणि वर पिवळं काय, तर संपर्क. राजगड उघडला, संपर्क. फोटो उघडले, तरी संपर्क.’’

मी लॅपटॉपवर पाहिलं. वेळापत्रकावर वेळापत्रक पिवळं होतं, राजगडाच्या पानावर किल्ले. ‘‘काका, माझ्याकडे तर बरोबर दिसतंय.’’

‘‘असेल,’’ काका म्हणाले. ‘‘तुझ्याकडे असेल.’’

‘माझ्याकडे तर बरोबर दिसतंय’ हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात निर्लज्ज वाक्य. मी ते अजूनही महिन्यातून दोनदा तरी म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला: ‘आज छायाचित्रे पिवळे.’ रात्री: ‘आता मुखपृष्ठ.’ सोबत मॉनिटरचे मोबाइलवर काढलेले फोटो, त्यात काकांच्या चष्म्याचं प्रतिबिंब आणि मागे भिंतीवरचं कालनिर्णय. स्क्रीनशॉट कसा काढायचा हे मी त्यांना तीनदा दाखवलंय. पण फोटोत तारीख-वेळ ‘पुराव्यानिशी’ दिसते, असं त्यांचं म्हणणं.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण भानगड माझीच होती. पावसाळ्यात संस्थेच्या मोहिमांची नोंदणी सोमवारी रात्री नऊला उघडते. बस एकच, जागा चाळीस, आणि नऊला दोन मिनिटं कमी असताना सगळे सभासद एकदम येऊन बसतात. जूनमधल्या एका सोमवारी साइट पार झोपली. मी खणून पाहिलं तर सगळ्यात जड निघाला मेनू, म्हणजे काकांची ती वरची पट्टी. काकांनी ‘किल्ले’खाली प्रदेश लावलेत: मावळ, वेल्हे, भोर, जुन्नर. मावळाखाली लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. वेल्ह्याखाली राजगड, तोरणा. असं करत तीन मजली माडी. प्रत्येक पान उघडताना वर्डप्रेस ती माडी विटेपासून बांधायचा.

सभासद लॉगिन करून येतात आणि प्रत्येकाच्या पानावर वर त्याचं नाव आणि नोंदणी दिसते. म्हणून अख्खं पान साठवून तेच सगळ्यांना देणं शक्य नव्हतं. मग मी फक्त मेनू साठवला. वर्डप्रेसमध्ये यासाठी ट्रान्झियंट नावाची सोय आहे: एक नाव द्यायचं, माल द्यायचा, मुदत द्यायची. मुदत संपेपर्यंत तयार माल मिळतो. मी बारा तासांची मुदत दिली. चार-पाच ओळींचं काम. पुढच्या सोमवारी साइट उभी राहिली आणि काकांनी ग्रुपवर माझं अभिनंदन केलं, तेही नाव घेऊन.

त्याच ओळींत मी अजून एक शहाणपणा केला होता. अ‍ॅडमिन लॉगिन असेल तर साठवलेला मेनू वापरायचा नाही, ताजा बांधायचा. म्हणजे मला बदल लगेच दिसतील. मी चोवीस तास अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असते. काकाही अ‍ॅडमिन आहेत, पण ते काम झालं की शिस्तीत लॉगआउट करतात आणि साइट पाहतात ती ‘लोकांना दिसते तशी’. त्यामुळे साऱ्या पुण्यात बरोबर मेनू दिसणारी मी एकटीच होते.

शनिवारी त्यांच्या घरी गेले. गुरुवारी जायचं होतं, पण गुरुवारी पाणी बंद होतं आणि काकूंना पाहुण्यांचं करायला ते बरं वाटत नाही. चहा झाला आणि काकांनी वही काढली. लांब, आखीव, पुठ्ठ्याची. पानावर चार रकाने: दिनांक, वेळ, उघडलेले पान, पिवळे पान. पेन्सिलीने नोंदी, आणि जिथे रंग बदलला तिथे तांबड्या पेनाची आडवी रेघ. पाच दिवसांच्या साठ-सत्तर नोंदी असतील.

‘‘हे बघ,’’ काका रेघांवर बोट ठेवत म्हणाले. ‘‘दिवसातून दोनदा बदलतं. कंपनीच्या पाळीसारखं. पण पाळी रोज थोडी पुढे सरकते. सोमवारी सकाळी सातच्या आत बदललं, बुधवारी साडेसातनंतर, आणि काल सव्वाआठला.’’

माझ्या डोक्यात तिथे दिवा लागला. दोन बदलांमध्ये बारा तास आणि वर थोडे. ते ‘थोडे’ फार बोलके होते. ट्रान्झियंटची मुदत संपली म्हणून तो आपोआप नवा होत नाही. मुदत संपल्यावर जो पहिला माणूस येईल त्याच्यासाठी तो बांधला जातो, आणि बारा तास तिथून पुढे मोजले जातात. पहाटे कोणी फिरकलं नाही की पाळी तेवढी पुढे.

आणि तो पहिला माणूस ज्या पानावर उतरला असेल, ते पान पिवळं. वर्डप्रेस मेनू बांधताना चालू पानाच्या नावावर ‘करंट-मेनू-आयटम’ असा शिक्का मारतो, त्याच्या वरच्या पालकांवर ‘करंट-मेनू-अ‍ॅन्सेस्टर’ वगैरे शिक्के मारतो, आणि मग अख्खी पट्टी तयार होऊन हातात येते. मी ती शिक्क्यांसकट उचलून कपाटात ठेवली होती. सकाळी सातला कोणीतरी फोन नंबर शोधायला ‘संपर्क’ उघडला, की संध्याकाळपर्यंत आलेला प्रत्येक जण ‘संपर्क’मध्ये.

हे काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘‘म्हणजे लग्नाच्या पत्रिका छापायला दिल्या, ‘रा. रा.’च्या पुढची जागा कोरी सोडायची ती सोडली नाही, आणि प्रेसवाल्याने पहिल्या पाहुण्याचं नाव छापूनच टाकलं. आता पाचशेच्या पाचशे पत्रिका एकाच मामाला.’’

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. पत्रिका सगळ्यांना एकच, ती छापा. नाव प्रत्येकाचं वेगळं, ते घरी बसून हाताने घाला. पण ही गोष्ट लख्ख समजल्यावरसुद्धा मी पुढचे दहा-बारा दिवस ती वेगवेगळ्या प्रकारे चुकवली, तो खरा अनुभव.

पहिली चूक घरी पोचताच केली. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रत्येक पाहुण्याची पत्रिका वेगळी छापायची. ट्रान्झियंटच्या नावात पानाचा पत्ता जोडला की राजगडाचा मेनू वेगळा, तोरण्याचा वेगळा. एका ओळीचा बदल. केला, पाहिला, झोपले.

सकाळी बहुतेक पानं ठीक होती. पण किल्ल्यांची काही पानं पुन्हा संथ झाली होती, आणि तीही फक्त लांब नावाची. याचं कारण अस्सल मराठी आहे. साइटवरचे पत्ते देवनागरीत आहेत. काकांचा तसा हट्टच आहे. पण पत्त्यात देवनागरी अक्षर जसंच्या तसं जात नाही. युनिकोडच्या साठवणीत प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका ‘क’चे नऊ. काना, मात्रा, वेलांटी, पायमोडी ही प्रत्येकी वेगळी, त्यांचेही नऊ-नऊ. आणि ट्रान्झियंटच्या नावाला मर्यादा आहे १७२ वर्णांची. डेटाबेसमध्ये नावाचा रकाना १९१चा, त्यातले १९ वर्डप्रेसच्या स्वतःच्या उपसर्गाला जातात. १७२ला नऊने भागा: एकोणीस चिन्हांत मराठी नाव संपलं. ‘वेल्हे’ या दोन अक्षरी गावाचीच सहा होतात. इंग्रजी पत्त्यांवर ही अडचण वर्षानुवर्षं कोणाला दिसली नसती. त्यावर उपाय ठरलेला आहे, पत्त्याचा एमडीफाइव्ह, म्हणजे गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा काढायचा, कितीही लांब पत्त्याचे ३२ वर्ण होतात. तो केला.

मग दुसरं उघडं पडलं. काका प्रत्येक मोहिमेची लिंक फेसबुकवर टाकतात. फेसबुकवरून बाहेर जाणाऱ्या लिंकच्या शेपटीला फेसबुक स्वतःचा एक लांबलचक क्लिक-क्रमांक चिकटवतं, आणि तो दरवेळी वेगळा असतो. माझ्या कोडच्या लेखी तो दरवेळी नवा पत्ता. नवा पत्ता म्हणजे नवा मेनू, पुन्हा विटेपासून बांधलेला, आणि तो एकदाच वापरून कपाटात पडून राहिलेला. डेटाबेसचं ऑप्शन्स नावाचं टेबल उघडलं तर खाली सरकवून सरकवून बोट दुखलं. वर्डप्रेस मुदत संपलेले ट्रान्झियंट दिवसातून एकदा झाडून काढतो, पण दिवसभरात साचायचा तेवढा कचरा साचत होताच. शेपटी कापून टाकता आली असती. पण मला ती कल्पनाच पटेना: मेनूतलं एक नाव पिवळं करायला मेनूच्या शंभर प्रती?

मग मी जावास्क्रिप्टकडे, म्हणजे पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडकडे वळले. मेनू एकच साठवायचा, शिक्के न मारता. पिवळं करायचं काम ब्राउझरवर टाकायचं: चालू पानाचा पत्ता घे, मेनूतली एकेक लिंक बघ, जुळली की रंगव. पाहुणा स्वतःच स्वतःचं नाव लिहितो.

हे लिहायला पंधरा मिनिटं लागली आणि सुधारायला चार दिवस. आधी मुखपृष्ठ सगळीकडे पिवळं व्हायला लागलं, कारण मी ‘पत्ता असा सुरू होतो का’ एवढंच पाहिलं होतं, आणि मुखपृष्ठाचा पत्ता म्हणजे नुसती तिरकी रेघ. प्रत्येक पत्ता तिनेच सुरू होतो. मग शेवटी तिरकी रेघ असलेला आणि नसलेला पत्ता वेगळे ठरले. ही सगळी बाळबोध दुखणी. खरं डोकं खाल्लं ते एका विचित्र प्रकाराने. मेनूतून तिकोन्यावर गेलं की रंग बरोबर. तोच पत्ता कोणी ब्राउझरच्या पट्टीत देवनागरीत टाइप करून उघडला की रंग नाही. दोन्ही पत्ते शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. टक्क्यापुढची अक्षरं वर्डप्रेस लहान लिपीतली लिहितो, ब्राउझर मोठ्या लिपीतली. अर्थ एकच, पान एकच, पण अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्या माझ्या कोडला ते दोन वेगळे पत्ते. आधी दोघांना परत देवनागरीत उलगडायचं आणि मग तुलना करायची, म्हणजे जुळतात.

त्या रात्री उलगडलेले पत्ते बघत बसले असताना ‘दऱ्याखोऱ्या’ या पानावर नजर गेली आणि पोटात गोळा आला. मराठीतला हा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन. दुसरी, साधा ‘र’, पायमोडी आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. कोणता कीबोर्ड आहे त्यावर ठरतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मशीनला मात्र ते दोन वेगळे शब्द. पत्त्यांच्या तुलनेवर माझा जो काही विश्वास उरला होता तो तिथे संपला.

शिवाय पिवळं उशिरा यायचं. स्क्रिप्ट पानाच्या तळाशी होती, त्यामुळे नेट मंद असेल तर आधी कोरी पट्टी दिसायची आणि मग एकदम डोळा मारल्यासारखा रंग. ती मेनूच्या लगेच खाली आणून ठेवली तेव्हा तेवढं थांबलं. काकांच्या वहीत दोन दिवस एकही तांबडी रेघ नाही. मी हुश्श केलं.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. ‘‘नाना म्हणतात, त्यांना अजून ‘संपर्क’च आहे.’’

नाना संस्थेचे जुने सभासद. काचबिंदूने दृष्टी गेली, तेव्हापासून गडावर जात नाहीत, पण नोंदणी झालेल्यांना शनिवारी फोन करून आठवण करायचं काम त्यांचं. ते लॅपटॉप एनव्हीडीएवर चालवतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे फुकट सॉफ्टवेअर आहे, एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६मध्ये सुरू केलेलं. नानांना पिवळं दिसायचा प्रश्नच नव्हता. मग त्यांना ‘संपर्क’ कुठून कळतंय?

मी त्यांनाच फोन केला. नाना म्हणाले, ‘‘ऐक.’’ आणि फोन लॅपटॉपच्या स्पीकरशी धरला. खरखरीत आवाजात मेनू एकेक करून ऐकू आला. वेळापत्रक, लिंक. छायाचित्रं, लिंक. संपर्क, लिंक, करंट पेज.

‘‘मी आहे वेळापत्रकावर,’’ नाना शांतपणे म्हणाले. ‘‘पहिल्यांदा वाटलं माझंच बोट चुकलं. चार-पाच दिवस मी परत परत मागे जाऊन वेळापत्रक उघडत होतो.’’

वर्डप्रेस चालू पानाच्या लिंकवर दोन गोष्टी करतो: डोळ्यांसाठी तो करंटवाला शिक्का, आणि कानांसाठी एक गुण, ‘एरिया-करंट’, किंमत ‘पेज’. हा गुण डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या एरिया १.१ या, अपंगांना साइट वापरता यावी म्हणून केलेल्या मानकात आला, जे डिसेंबर २०१७मध्ये पक्कं झालं. माझ्या दुरुस्तीत मी साठवणीतून फक्त शिक्के पुसले होते, कारण रंग त्यांच्यामुळे येतो. एरिया-करंट तसाच छापील राहिला होता, पहिल्या पाहुण्याच्या नावाने. ज्यांना पान दिसतं ते चुकीचा पिवळा पाहून ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणतात आणि पुढे जातात, कारण खाली जुलैच्या मोहिमा दिसतच असतात. नानांना मात्र साइट स्पष्ट शब्दांत सांगत होती की तुम्ही संपर्क पानावर आहात. आणि मी काम संपलं म्हणून हुश्श करून बसले होते.

त्या दुपारी सगळं पुसून नव्याने लिहायला घेतलं.

दुसऱ्यांनी हे कसं सोडवलंय ते आधी वाचायला हवं होतं, ते आता वाचलं. ड्रुपल ही वर्डप्रेसचीच भावकी, तसंच वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. त्यांच्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक लिंकवर ती कोणत्या अंतर्गत पानाची आहे याची चिठ्ठी लावलेली असते. साठवलेला माल कोराच राहतो. पाहुणा लॉगिन नसेल तर पान बाहेर पडताना सर्व्हर चिठ्ठी बघून रंगवतो, लॉगिन असेल तर तेच काम जावास्क्रिप्ट करते. वाचताना बरं वाटलं. या खड्ड्यात पडलेली मी पहिली नव्हते. पानाचं रंगरूप सीएसएस ही भाषा ठरवते, आणि ते रूप कोणत्या भागाला द्यायचं हे तिचे ‘निवडक’ सांगतात. या निवडकांच्या चौथ्या पातळीच्या मसुद्यात तर ‘जिथे आहोत तिथलीच लिंक’ एवढ्याचसाठी ‘लोकल-लिंक’ नावाचा निवडक आहे. तो ब्राउझरांनी घेतला असता तर ही अख्खी गोष्ट एका ओळीत संपली असती आणि काकांची वही कोरी राहिली असती. पण ते त्या वाटेला गेलेले नाहीत.

मी चिठ्ठीचीच कल्पना उचलली. मेनू साठवताना सगळे करंटवाले शिक्के आणि एरिया-करंट दोन्ही काढले, आणि प्रत्येक लिंकवर ती ज्या पानाची आहे त्या पानाचा क्रमांक लिहून ठेवला. पत्ता नाही, क्रमांक. पान देताना वर्डप्रेसला विचारायचं, आत्ता कितव्या क्रमांकाचं पान चाललंय? त्याला ते आधीच माहीत असतं. मग साठवलेल्या पट्टीतून एकदा फिरायचं आणि त्या क्रमांकाच्या लिंकवर एरिया-करंट लावायचं. या फिरण्यासाठी वर्डप्रेसच्या ६.२ आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२३पासून, एक टॅग प्रोसेसर, म्हणजे पानाच्या कोडमधले टॅग एकेक करून वाचणारं अवजार मिळतं. मजकुरात नुसती शोधा-बदला करण्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. लहान लिपी, मोठी लिपी, टिंबवाला ‘ऱ’, फेसबुकची शेपटी, कशाचाच संबंध उरला नाही.

रंगाचा वेगळा शिक्का मी ठेवलाच नाही. सीएसएसला सांगितलं, ज्या लिंकवर एरिया-करंट असेल तीच पिवळी. आता नानांना जे ऐकू येईल तेच काकांना दिसेल. एक बिघडलं तर दोघांचंही बिघडेल आणि काका मला जगू देणार नाहीत. राजगडावर असताना वरचा ‘किल्ले’ही रंगायला हवा, त्यासाठी ‘हॅज’ हा निवडक वापरला: ज्याच्या पोटात करंट लिंक आहे तो पालक फिकट पिवळा. फायरफॉक्सने तो डिसेंबर २०२३मध्ये, १२१व्या आवृत्तीत घेतला, सगळ्यात शेवटी. त्याहून जुन्या फायरफॉक्सवर पालक रंगणार नाही, आणि ते मला चालतं.

लावलं. तासाभरात मेसेज: ‘एकाच वेळी दोन पिवळे. फोटो पाठवत आहे.’

‘संपर्क’ उघडलं की संपर्कही पिवळं आणि ‘किल्ले’खालचं ‘जुन्नर’ही. बघते तर संपर्क हे पान क्रमांक १२ आणि जुन्नर हा लेखांचा वर्ग क्रमांक १२. वर्डप्रेस पानांचे आणि वर्गांचे क्रमांक वेगवेगळ्या टेबलांत मोजतो, त्यामुळे तोच आकडा दोन्हीकडे असू शकतो. काकांना सांगितलं तर ते जवळजवळ रागावले. ‘‘अगं, बचत खात्याचा बारा आणि कर्ज खात्याचा बारा एक धरलेस तू? आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवायचे हे.’’ चिठ्ठीत क्रमांकाआधी प्रकार लिहिला, पान-१२, वर्ग-१२, आणि जुन्नर विझला.

उरली मोहिमांची पानं. ‘वेळापत्रक’ हे यादीचं पान, त्याला क्रमांकच नाही, म्हणून त्याला हाताने एक नाव दिलं. पण त्यातली एखादी मोहीम उघडली तर? ती मेनूत नसते. वेळापत्रक पिवळं करावं हे उघड आहे, पण तिथे ‘पेज’ म्हणणं खोटं ठरेल. नाना वेळापत्रकावर नसतात, त्याच्या आतल्या एका पानावर असतात. एरिया-करंटला ‘ट्रू’ अशीही एक किंमत आहे, म्हणजे ‘या गटात चालू आहे ते हे’, पण हेच पान असा दावा नाही. ती दिली. या एका शब्दावर मी अर्धा तास घालवला, आणि तो बिलात लावायची सोय नाही.

जाता जाता रंगही बदलला. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं उन्हात मोबाइलवर वाचता येत नाहीत, हे सिंहगडावर दही घेत उभं असताना मीच अनुभवलं होतं. आता पिवळी पट्टी, वर काळी अक्षरं आणि खाली जाड रेघ, म्हणजे नुसत्या रंगावर भिस्त नाही. आणि अ‍ॅडमिनला ताजा मेनू देणारी ती ओळ काढून टाकली. काका मेनू बदलून जतन करतात त्याच क्षणी साठवण पुसली जाते, मग मला तरी वेगळा मेनू कशाला?

रविवारी संध्याकाळी काकांनी वहीचं पान फोटो काढून पाठवलं. शनिवार सकाळपासूनच्या बावीस नोंदी, तिसरा आणि चौथा रकाना शब्दाला शब्द सारखे. सगळ्यात खाली एकच वेगळी: ‘उघडलेले पान: चुकीचा पत्ता मुद्दाम टाकला, पान सापडले नाही. पिवळे: काहीच नाही. हे बरोबर आहे का?’

बरोबर आहे, म्हटलं.

नानांना मी फोन केला. त्यांनी पुन्हा लॅपटॉप ऐकवला: वेळापत्रक, लिंक, करंट पेज. पुढे संपर्क, लिंक, आणि पुढे काही नाही. ‘‘बरं झालं,’’ नाना म्हणाले, ‘‘आणि आता ते नोंदणीच्या फॉर्ममध्ये तारीख निवडायचं जे आहे ना, ते मला अजिबात वाचून दाखवत नाही. बघतेस का?’’